कीड येण्याआधी भाताच्या खाचरात कोण जगते?

कीटकांचा अभ्यास करते असे सांगितले की आमच्या भागात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग या किडीवर कोणते औषध मारायचे? प्रश्न रास्त आहे. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ज्याचे घर ऊस, भात, सोयाबीन किंवा तंबाखूवर चालते त्याला किडीचे नाव आणि औषधाचे नाव या दोनच गोष्टी तातडीच्या असतात. मी विद्यापीठातील ज्या गटात काम करते तो गट औषधांवर संशोधन करीत नाही. शेतात कोण कोणाला खातो, किती खातो आणि ते खाणे हंगामाच्या कोणत्या आठवड्यात घडते, एवढाच आमचा विषय आहे. त्याचा शेतकऱ्याच्या प्रश्नाशी संबंध काय, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड ही साखळी आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. शिवारात मात्र इतकी सरळ साखळी कुठेच सापडत नाही. बेडूक नाकतोडा खातो तसाच नाकतोडा खाणारा कोळीही खातो. चतुराचे पिल्लू पाण्यात असताना डासांच्या अळ्या खाते, त्याच पाण्यातला मासा त्या पिल्लाला खातो, आणि जे पिल्लू वाचते ते पंख फुटल्यावर हवेत तुडतुडे पकडू लागते. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1927 साली प्राण्यांच्या समूहांविषयी लिहिताना ही गुंतागुंत प्रथम नीट मांडली. कोणत्याही ठिकाणच्या सजीवांचा हिशेब लावायचा असेल तर आधी त्यांच्या अन्नाचा हिशेब लावला पाहिजे, हे त्याच्या मांडणीचे सार. आज ज्याला अन्नजाळे म्हणतात त्याचा अभ्यास तिथून रुजला, आणि आमच्यासारखे गट आजही मुळात तेच करतात. साधने तेवढी बदलली आहेत.

हे काम कसे चालते ते समजण्यासाठी भाताचे खाचर सर्वांत सोयीचे आहे. खानापूर तालुक्यात पावसाने जोर धरला, चिखलणी झाली आणि तरवा लावून झाला की पहिले काही आठवडे खाचर रिकामेच वाटते. रोपे विरळ असतात, त्यांवर कीड नावालाही नसते. पण बांधावर बसून गुडघ्याइतक्या अंतरावरून पाण्याकडे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. गाडलेले धसकट, शेणखत आणि तण चिखलात कुजत असते. त्या कुजण्यावर जिवाणू आणि शेवाळ वाढते, आणि त्यांवर चिलटांच्या अळ्या, डासांच्या अळ्या व डोळ्यांना जेमतेम दिसणारे उड्या मारणारे कीटक जगतात. यांतील कोणीही भाताला तोंड लावत नाही. चिलटे पाण्यातून बाहेर पडतात तेव्हा रोपांच्या बुडाशी लांडगा कोळी दबा धरून असतो. तो जाळे विणत नाही, पाठलाग करून शिकार करतो. पाण्याच्या पृष्ठभागावर मुंगीएवढे पाणढेकूण फिरत असतात आणि जे काही वरून पडेल त्याला सोंड खुपसतात. बारकाईने पाहिले तर एकाच चुडाभोवती दोन-तीन जातींचे कोळी दिसतात, आणि एखाद्या कोळिणीच्या पोटाखाली अंड्यांची पांढुरकी गोळीही चिकटलेली असते.

म्हणजे कीड येण्याआधीच तिला खाणारे तिथे हजर असतात, आणि ते तोवर अशा कीटकांवर जगतात ज्यांची शेतकऱ्याला ना भीती असते ना ओळख. हे नुसते निरीक्षण नाही. विल्यम सेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जावा बेटावरील भातशेतीत याची पद्धतशीर मोजणी केली आणि 1996 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हंगामाच्या सुरुवातीला कुजके पदार्थ आणि पाण्यातील सूक्ष्म जीव खाणाऱ्या कीटकांची संख्या वाढते, तिच्या आधाराने सर्वभक्षी शिकारी वाढतात, आणि पिकावरची कीड येते तेव्हा शिकाऱ्यांची फौज तयार असते, हे त्यांनी दाखवले. शेतात सेंद्रिय पदार्थ अधिक घातले की चिलटे वाढली आणि पाठोपाठ शिकारीही वाढले. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: जिथे मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी लागण होते आणि मध्ये दीर्घ काळ जमीन कोरडी व रिकामी पडते, तिथे शिकारी सावकाश परततात. शेणखताला आपण फक्त पिकाचे अन्न समजतो. ते कोळ्याचेही अन्न आहे, दोन पायऱ्या पलीकडून.

इंडोनेशियानेच हा धडा महागात घेतला होता. भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी तिथे मोठे नुकसान केले, आणि जितकी फवारणी वाढली तितका तुडतुडा वाढला. यात गूढ काही नाही. तुडतुड्याची मादी अंडी भाताच्या पर्णकोषाच्या आत घालते, त्यामुळे ती फवाऱ्यापासून सुरक्षित राहतात. फवारा बसतो तो उघड्यावर फिरणाऱ्या कोळ्यांवर आणि तुडतुड्याची अंडी शोषून घेणाऱ्या हिरव्या मिरिड ढेकणावर. काही दिवसांनी अंडी फुटतात तेव्हा पिल्लांना खायला कोणीही उरलेले नसते. कोळ्याची पुढची पिढी तयार व्हायला तुडतुड्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात तुडतुडा मोकाट सुटतो. अखेर 1986 साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तिथे भातावर 57 कीटकनाशकांच्या वापराला बंदी घालण्यात आली आणि पुढे औषधांवरील अनुदानही टप्प्याटप्प्याने बंद झाले. एखाद्या सरकारने अन्नजाळ्याचा विचार करून इतका मोठा निर्णय घेतल्याची दुसरी उदाहरणे फार थोडी आहेत.

आता प्रश्न असा की कोण कोणाला खातो हे आम्हाला कळते कसे? डोळ्यांनी पाहणे हा पहिला मार्ग आहे आणि तो आजही टाळता येत नाही, पण कीटकांचे बहुतेक खाणे रात्री, पानांच्या आड किंवा मातीत घडते, आणि कोळी तर भक्ष्याचा रस शोषून घेतो, त्यामुळे त्याच्या पोटात ओळखण्याजोगा पाय किंवा पंखही सापडत नाही. येथे जनुकीय पद्धती कामास येतात. 2003 साली कॅनडातील पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायटोकाँड्रियातील एका जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा वाचून प्राण्यांच्या जाती ओळखण्याची पद्धत सुचवली. तीच पद्धत कोळ्याच्या पोटातील अंशांना लावली की त्याने अलीकडे काय खाल्ले ते समजते. कोळी पकडल्याबरोबर त्याला कडक अल्कोहोलमध्ये टाकून थंडीत ठेवावे लागते, नाहीतर पचन चालूच राहते आणि पुरावा नष्ट होतो. या पद्धतीला मर्यादाही आहेत. कोळ्याच्या पोटात माव्याचा, म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, अंश सापडला तर त्याने मावा मारून खाल्ला, मेलेला खाल्ला, की मावा खाल्लेल्या दुसऱ्या कोळ्याला खाल्ले, हे केवळ त्या तुकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून आमच्या गटात प्रयोगशाळेतील निकालाला शेतातील निरीक्षणाची जोड असल्याशिवाय कोणतीही रेघ अन्नजाळ्याच्या आकृतीत काढली जात नाही.

दुसरी पद्धत मला व्यक्तिशः अधिक आवडते, कारण ती आमच्या भागासाठी जणू मुद्दाम बनवली आहे. ऊस, मका आणि ज्वारी यांची सूर्यप्रकाशातून अन्न बनवण्याची रीत भात, सोयाबीन, भुईमूग आणि तंबाखू यांच्या रीतीहून वेगळी आहे. त्यामुळे या दोन गटांच्या पानांत जड कार्बनचे, म्हणजे कार्बन-13चे, प्रमाण निरनिराळे असते: प्रमाणित मोजपट्टीवर उसाच्या गटाचे मूल्य साधारण उणे 12 ते उणे 13 प्रति हजार येते, तर भाताच्या गटाचे साधारण उणे 27. पान खाणाऱ्या कीटकाच्या शरीरात हीच खूण उतरते आणि त्या कीटकाला खाणाऱ्या कोळ्यातही ती जवळजवळ तशीच राहते. याच्या जोडीला जड नायट्रोजनचे प्रमाण अन्नाच्या प्रत्येक पायरीला साधारण 3.4 प्रति हजाराने वाढत जाते, त्यामुळे तो कोळी जाळ्यात कोणत्या पायरीवर बसला आहे याचाही अंदाज येतो. म्हणजे उसाच्या फडाला लागून असलेल्या भाताच्या खाचरात पकडलेला कोळी आपले अन्न उसातून घेऊन आला की भातातून, हे त्याच्या शरीराच्या कणातून विचारता येते. पाण्यातील शेवाळाची खूण निराळी असते, ती वेगळी मोजावी लागते. तरीही एका शिवारातून दुसऱ्या शिवारात होणारी शिकाऱ्यांची ये-जा मोजण्याचा इतका सरळ मार्ग दुसरा नाही. बांधाला बांध लागून ऊस आणि भात असलेली गावे आमच्याकडे कितीतरी आहेत.

उसाचा विषय निघाला की लोकरी माव्याबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण आमच्या भागातील शेतकऱ्यांना मित्रकीटकांची ओळख झाली ती त्याच्यामुळे. 2002 साली हा मावा सांगली भागात मोठ्या प्रमाणावर दिसला आणि लवकरच सीमेच्या अलीकडे आमच्या उसातही पसरला. ईशान्य भारतात तो पूर्वीपासून होता, दक्षिणेकडील उसाला मात्र नवा होता. पानाच्या मागच्या अंगाला मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरा लोकरीसारखा थर बसायचा, खालच्या पानांवर चिकट गोड स्राव ठिबकायचा आणि त्यावर काळी बुरशी चढून पान काजळल्यासारखे व्हायचे. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देते, त्यामुळे त्याची संख्या पाहता पाहता वाढते. मी तेव्हा शाळेत होते. फडातून बाहेर येणाऱ्या माणसांच्या डोक्यावर, खांद्यावर पांढरी भुकटी बसलेली असायची, हे स्पष्ट आठवते. पुरुषभर उंचीच्या उसात शिरून पानांच्या मागे औषध पोचवणे हे जवळपास अशक्य काम होते.

अशा फडातले एक पान तोडून भिंगाखाली धरले की लोकरीच्या मधोमध एक विरळ रेशमी जाळी दिसते. जाळीला माव्याच्या रिकाम्या कातडी आणि मेणाचे तंतू अडकलेले असतात. सुईच्या टोकाने ती हलकेच बाजूला केली की खाली एक लहानशी अळी सापडते, आणि ती पान खात नसते, मावा खात असते. ही डिफा नावाच्या पतंगाची अळी. आमच्याकडे काही जण तिला कोनोबाथ्रा या जुन्या नावाने ओळखतात. पतंगाची अळी म्हणजे पिकाची शत्रू, ही आपली पक्की समजूत आणि ती बहुतांशी खरीही आहे, म्हणूनच ही अळी ओळखायला शिकवणे हे त्या काळातले मोठे काम होते. अन्यथा शेतकऱ्याने तिलाच कीड समजून मारले असते. तिच्या जोडीला मायक्रोमस हा तपकिरी जाळीदार पंखांचा कीटक होता, ज्याची अळी आणि प्रौढ दोघेही मावा खातात. सिरफिड माशीच्या अळ्याही होत्या. डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस वाढवून ते फडाफडांत सोडण्याचे प्रयत्न दोन्ही राज्यांत झाले, आणि ईशान्येकडून आणलेली एन्कार्सिया ही अतिसूक्ष्म परजीवी गांधीलमाशी, जी माव्याच्या शरीरातच अंडे घालते, ती दक्षिणेतही स्थिरावली. आज लोकरी मावा अधूनमधून दिसतो, पण त्याची ती दहशत राहिलेली नाही.

या यशाची गोष्ट सांगताना बहुतेक वेळा सोडलेल्या कीटकांपाशी ती संपते. मला मात्र त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: मावा संपल्यावर मावा खाणाऱ्यांनी कुठे जायचे? ढालकिडे, हिरवट जाळीदार पंखांचा क्रायसोपा, सिरफिड माश्या हे शिकारी वर्षभर टिकायचे असतील तर शिवारात कुठे ना कुठे थोडा मावा सतत असावा लागतो; ज्वारीवर, चवळीवर, करडईवर, बांधावरच्या रानटी झुडपांवर. सिरफिड माशीच्या प्रौढाला तर मावा नको, फुलांतला मध आणि पराग हवे असतात. ज्या गावात ज्वारी गेली, चवळी गेली, बांध तणनाशकाने उघडे झाले आणि क्षितिजापर्यंत फक्त ऊस राहिला, तिथे या कीटकांचा मधला मुक्काम नाहीसा झाला. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात भाताच्या सुगीनंतर त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा घेण्याची जी जुनी रीत आहे ती या दृष्टीने मला मोलाची वाटते, कारण त्यामुळे जमीन हंगामानंतर उघडी पडत नाही.

अन्नजाळे जितके गुंतागुंतीचे तितके ते स्थिर, असे पूर्वी गृहीत धरले जात असे. 1972 साली रॉबर्ट मे यांनी गणिताने दाखवून दिले की केवळ जाती आणि त्यांच्यातले दुवे वाढल्याने स्थैर्य वाढत नाही. दुवे कसेही जोडले तर उलट डळमळीतपणा वाढतो. तेव्हापासून प्रश्न असा झाला की निसर्गातल्या जाळ्यांची वीण कशी असते, ज्यामुळे ती टिकतात. केव्हिन मॅक्कॅन आणि सहकाऱ्यांनी 1998 साली दिलेले उत्तर असे, की थोड्या बळकट दुव्यांभोवती पुष्कळ दुबळे दुवे असले म्हणजे चढउतार आवरले जातात. एखादा कोळी आठवड्यातून क्वचित एखादे चिलट खातो, हा दुबळा दुवा; पण तुडतुडा नसताना कोळी त्याच्यावरच तग धरतो. आमच्या नोंदवहीत अशा किरकोळ वाटणाऱ्या दुव्यांनाच सर्वांत जास्त जागा मिळते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते वेळ वाया घालवणे वाटू शकते.

तसे ते आमच्या शेजारच्या एका तात्यांना वाटले होते. त्यांच्या खाचरात आम्ही जाळी फिरवीत होतो, बुडाशी पेले पुरून ठेवले होते, आणि ते बांधावर उभे राहून बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "बाई, औषध मारायचं का नको, तेवढं सांगा की." त्यांना मी जे सांगितले तेच येथेही लिहिते. भाताची पाने खाणारी अळी सुरुवातीच्या दिवसांत दिसली तरी रोप नवे फुटवे आणि नवी पाने काढून ते नुकसान बहुधा भरून काढते. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या खोऱ्यात 1994 पासून पेरणीनंतरच्या पहिल्या 40 दिवसांत पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी फवारू नका, असा प्रचार रेडिओवरून व पत्रकांतून झाला. शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेताच्या एका तुकड्यावर ते करून पाहिले आणि फवारण्या लक्षणीय कमी झाल्या. आपल्याकडे युरियाच्या पहिल्या हप्त्याबरोबर दाणेदार औषध टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तेव्हा कीड नसतेच. असतात ती चिलटे, पाणढेकूण आणि अंडी सांभाळणाऱ्या कोळिणी. म्हणजे तुडतुडा यायच्या महिनाभर आधी आपण त्याच्या शत्रूंचे अन्न आणि शत्रू दोन्ही घालवून बसतो. गादमाशी किंवा खोडकिडा यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे मोजणी करून, नुकसानीची पातळी पाहून निर्णय घ्यावा लागतो. पण निदान पहिले दाणेदार औषध कशासाठी टाकतो आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीबद्दलही मला हेच म्हणायचे आहे. 2018 साली ती भारतात पहिल्यांदा आढळली ती कर्नाटकातच, आणि तेव्हा सर्वत्र घबराट झाली. परदेशातून आलेल्या या अळीवर आपल्याकडचे परजीवी कीटक आणि बुरशी तुटून पडल्याच्या नोंदी लवकरच होऊ लागल्या. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, पांढऱ्या, नंतर फिकट हिरव्या बुरशीने ताठ झालेली अळी मी स्वतः अनेकदा पाहिली आहे. नवीन कीड आली म्हणजे तिला खाणारे कोणीच नाही, असे क्वचितच असते. त्यांना वेळ मिळतो का, हा प्रश्न असतो.

या खरीपात आमचा गट ऊस आणि भात बांधाला बांध लागून असलेल्या शेतांतून कोळी व त्यांचे भक्ष्य गोळा करून त्यांच्या कार्बन-खुणा मोजणार आहे. त्यासाठी दोन प्रकारची शेते हवी आहेत: जिथे पहिल्या महिन्यात कोणतेही औषध पडत नाही अशी, आणि जिथे नेहमीप्रमाणे पडते अशी. दोन्हींची तेवढीच गरज आहे आणि कोणालाही दोष देण्याचा हेतू नाही. बेळगाव किंवा खानापूर तालुक्यातील ज्या वाचकांची अशी शेते असतील त्यांनी चिखलणीपूर्वी कळवले तर लागणीच्या आधीचे नमुनेही घेता येतील. बांधावरचे गवत पेटवण्याचा विचार असेल तर त्याचा एक कोपरा आमच्यासाठी तसाच राखून ठेवावा, कारण पावसाच्या पहिल्या आठवड्यात खाचरात उतरणारे कोळी किती प्रमाणात त्या गवतातून येतात, हे आम्हाला तिथेच मोजायचे आहे.